भीमगीतांचा कार्यक्रम आणि आपले कान

एप्रिल आला की बीड, परळी, अंबाजोगाईच्या मैदानांवर भीमगीते रंगतात. प्रल्हाद शिंदे यांना ऐकत वाढलेली माणसे आज आनंद शिंदे, आदर्श शिंदे यांना ऐकायला लेकराबाळांसह जातात. गायक जवळून दिसावा म्हणून आपण स्पीकरच्या भिंतीसमोर उभे राहतो. इथेच धोका आहे.

प्रत्येक कानात सुमारे 15 हजार नाजूक केसपेशी असतात. मेलेली पेशी पुन्हा तयार होत नाही. 85 डेसिबलचा आवाज कान साधारण 8 तास सोसतो. पुढे दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटे उरतात. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजणे, ही इशाऱ्याची घंटा समजा.

काय करावे?

1. स्पीकरपासून लांब बसा. लहान मुलांना तर स्पीकरपुढे नेऊच नका.

2. मेडिकलमधून फोमचे इअरप्लग घ्या. बोटांनी वळून बारीक करा, कान वर-मागे ओढून आत सरकवा आणि फुगेपर्यंत धरून ठेवा. गाणे तरीही ऐकू येते. कापसाचा बोळा पुरत नाही.

3. मध्येमध्ये आवाजापासून दूर जाऊन कानांना विसावा द्या.

4. शिट्टी दुसऱ्या दिवशीही राहिली किंवा अचानक कमी ऐकू आले, तर कानात तेल घालू नका. लगेच जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात दाखवा. उशीर झाला तर गेलेले ऐकणे परत मिळणे अवघड होते.

बाबासाहेबांचा विचार आपल्या वस्तीत गाण्यांनीही पोहोचवला. तो ऐकण्यासाठी कान शाबूत ठेवू या.

जय भीम!