मान दुखते, हे घरात सांग तरी

अगं, मान दुखते म्हणून तू रात्री बाम चोळतेस आणि सकाळी पुन्हा ओट्यापाशी उभी राहतेस, हे मला ठाऊक आहे. कुणी विचारलं तर "काही नाही, उशी चुकली" म्हणून मोकळी होतेस. उशी चुकली असेल तर मान दोन-चार दिवसांत सुटते. महिनोन्‌महिने दुखते तेव्हा त्यामागे बहुतेकदा दिवसभराचं काम असतं.

आपलं डोकं साडेचार-पाच किलोचं. मानेचे ७ मणके आणि त्यांच्याभोवतीचे स्नायू ते तोलून धरतात. डोकं खांद्यांच्या बरोबर वर असलं की त्यांना फार कष्ट पडत नाहीत. भरलेली बादली अंगाजवळ धरली तर सहज पेलवते आणि हात लांब करून धरली तर खांदा भरून येतो ना, तसंच मान पुढे झुकली की मागच्या स्नायूंचं होतं.

आता तुझा दिवस बघ. घरधन्याची कोळशाच्या खाणीत पहिली पाळी असली की डब्यासाठी तू चारलाच उठतेस. त्याची पाळी बदलली की तुझीही झोप बदलते. अर्धवट झोपेने दुखणं जास्त जाणवतं, हे डॉक्टरही मानतात. मग विळीवर खाली मान घालून भाजी, कोळशाच्या धुळीने काळे झालेले कपडे घासणं, पिळणं, उंच तारेवर मान वर करून वाळत घालणं. नळ आला नाही तर डोक्यावर पाण्याचा गुंड. शेतावर गेलीस तर निंदण नाहीतर कापूस वेचणी. दुपारी शिलाई मशीन, रात्री मांडीवर मोबाइल. यातलं एकेक काम वाईट नाही. एकाच स्थितीत तासन्‌तास राहणं मानेला सोसत नाही. त्यात घरची काळजी मनात असली की खांदे नकळत कानांकडे ओढले जातात आणि तसेच राहतात.

घरधन्याचीही मान बघ. खाणीत डम्पर चालवताना सतत हादरे बसतात, मागे घेताना मान वळवून बघावं लागतं. तोही बोलत नसेल. पुढे सांगते ते दोघांनी मिळून करा.

"मणक्यात गॅप आला" असं कुणी म्हटलं की तू घाबरतेस. चाळिशीनंतर मणक्यांची थोडीफार झीज खूप जणांच्या एक्स-रेमध्ये दिसते, आणि त्यातल्या कितीतरी जणांना काहीच दुखत नाही. फोटोत झीज दिसली म्हणून मान कायमची गेली असं समजू नकोस. साधं मानदुखणं बहुतेक वेळा काही आठवड्यांत उतरतं.

मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून मनाने घेत राहणं मात्र बंद कर. त्या पोटाला बाधतात, शिवाय मूत्रपिंडावर ताण आणतात. आपल्या चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, घामाने अंगातलं पाणी कमी होतं, तेव्हा हा धोका आणखी वाढतो.

मग करायचं काय? आधी शेक. गरम पाण्याची पिशवी किंवा तव्यावर गरम केलेली मिठाची पुरचुंडी, मध्ये जाड फडकं ठेवून पंधरा-वीस मिनिटं. आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून बघ, कातडी भाजायला नको.

शेकून झालं की ताठ बस. समोर बघत हनुवटी सरळ मागे घे, पाच आकडे मोजेपर्यंत धर आणि सोड. असं आठ-दहा वेळा. मग दोन्ही खांदे मागे नेऊन पाठीची पाती एकमेकांजवळ आण. शेवटी मान हळूच डावीकडे, हळूच उजवीकडे, दुखेल तिथे थांब. गरागरा फिरवू नकोस. सकाळ-संध्याकाळ एवढं पुरे. थोडं ओढल्यासारखं वाटेल ते चालेल, कळ आली तर कमी कर. पट्टा लावून मान आवळून ठेवू नकोस, हालचाल थांबली की स्नायू आणखी आखडतात. संध्याकाळी थोडं चाल.

कामाची मांडणीही बदल. विळीऐवजी ओट्यावर सुरी घे. शिलाईत अर्ध्या तासाने उठ. कपड्यांची तार खाली बांधायला लाव. मोबाइल डोळ्यांसमोर धर. पोटावर झोपू नकोस. कुशीवर झोपताना खांदा आणि कान यांमधली जागा भरेल एवढीच उशी घे.

आणि एक, कुणाकडूनही मान कडकन मोडून घेऊ नकोस. केस कापून झाल्यावर पुरुष हौसेने करून घेतात, त्यांनाही सांग. अशा झटक्याने मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला क्वचित इजा होते आणि लकवाही मारू शकतो.

काही खुणा दिसल्या तर घरगुती उपाय बाजूला ठेव. हातात मुंग्या येणं, बधिरपणा, पकड ढिली होणं, चालताना तोल जाणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, पडल्यावर किंवा अपघातानंतर मान दुखणं, तापासोबत मान ताठणं, कारण नसताना वजन उतरणं. यात डॉक्टरांना दाखवायलाच हवं. ताबा किंवा तोल गेला, तापात मान ताठली किंवा अपघात झाला तर त्याच दिवशी. छाती भरून येऊन मान, जबडा किंवा हात दुखू लागला आणि घाम फुटला तर ते हृदयाचंही असू शकतं. लगेच दवाखाना गाठ. आणि नुसतं मानदुखणं महिना-दीड महिन्यात उतरलं नाही तरीही चंद्रपूरला जाऊन दाखव, फिजिओथेरपीबद्दल विचार. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे तिथे.

पण बाई, व्यायाम तू करशील आणि ओझं तेवढंच राहिलं तर मान पुन्हा धरेल. म्हणून घरात स्पष्ट बोल. पाणी पोराने आणावं, ओले कपडे घरधन्याने पिळावे, सुटीच्या दिवशी सकाळचा चहा दुसऱ्या कुणीतरी करावा आणि तुला झोपू द्यावं. तुझं दुखणं त्यांना दिसत नाही, कारण तू काम थांबवत नाहीस. आजच संध्याकाळी सगळे जेवायला बसले की सांग.