सातासमुद्रापलीकडची मावशी

सानपाडा हे ठाणे जिल्ह्यातील खाडीजवळचे जुने गाव. आज ते नवी मुंबईत मोडते. तेथून आगगाडीने निघावे, ठाण्यास गाडी बदलावी, की कल्याण फारसे दूर राहत नाही. याच कल्याणच्या जोशी घराण्यातील एका मुलीची आणि दूर अमेरिकेतील एका बाईची मैत्री कशी जडली, ते आता पाहू.

या मुलीचे माहेरचे नाव यमुना. तिचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी तिचा विवाह झाला आणि ती आनंदीबाई झाली. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते. पत्नीने शिकावे, असा त्यांचा ध्यास होता. आनंदीबाई अवघ्या १४ वर्षांच्या असताना त्यांना पुत्र झाला; परंतु दहाच दिवसांत तो दगावला. स्त्रियांना स्त्री-वैद्य मिळाली पाहिजे, हा विचार त्यांच्या मनात दृढ झाला.

पत्नीच्या शिक्षणाविषयी गोपाळरावांनी लिहिलेले पत्र अमेरिकेतील एका मासिकात छापले गेले. १८८० साली न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तेथे ते पत्र त्यांच्या वाचनात आले. कोण कुठली ही मुलगी! परंतु तिची तळमळ त्यांना आपली वाटली. त्यांनी पत्र धाडले. आनंदीबाईंनी उत्तर दिले.

मुलांनो, त्या काळी पत्र बोटीने जाई व उत्तर येण्यास महिनेच्या महिने लागत. तरीही दोघींनी चालीरीती, बालविवाह, स्त्रियांचे आरोग्य अशा कितीतरी गोष्टी एकमेकींना लिहिल्या. आनंदीबाई त्यांना ‘मावशी’ मानू लागल्या. आनंदीबाईंची प्रकृती ढासळल्याचे कळताच या मावशीने अमेरिकेहून औषधे पाठविली.

दोन स्त्रियांनी पत्रांतून जिव्हाळा जपावा, ही रीत चीनमध्येही होती. हुनान प्रांतातील जियांगयोंग भागात दोन समवयस्क मुलींचे जन्मभराचे मैत्र जोडून देत. सासरी गेल्यावर त्या स्त्रियांच्या खास लिपीत एकमेकींना लिहीत. त्या लिपीला ‘नूशू’ म्हणतात. ही अक्षरे कधी पंख्यावर, तर कधी कापडावर उमटत.

आनंदीबाईंना मात्र मैत्रिणीकडे जाण्यासाठी समुद्र ओलांडावयाचा होता. त्या काळी समुद्रगमन निषिद्ध मानीत. लोकनिंदेची पर्वा न करता त्या ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. केवळ अक्षरांनी ओळखीची असलेली मावशी त्यांच्या स्वागतास हजर होती. तिने त्यांना आपल्या घरी नेले. परमुलखात आनंदीबाईंना माहेर मिळाले. पुढे ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयाने त्यांना पदवी दिली.

परंतु क्षयाने त्यांना ग्रासले होते. स्वदेशी परतल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. वयाची २२ वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा अमेरिकेस मावशीकडे पाठविण्यात आली. कार्पेंटरबाईंनी ती पोकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेवली.

ज्या मुलीचे रक्ताचे नाते नव्हते, तिला आपल्या माणसांत कायमची जागा देणे, याहून मैत्रीची मोठी खूण कोणती?

स्वाध्याय
१. आनंदीबाईंना वैद्य का व्हावेसे वाटले?
२. ‘परमुलखात आनंदीबाईंना माहेर मिळाले’ असे लेखकाने का म्हटले आहे?
३. दूर राहणाऱ्या मित्रास किंवा मैत्रिणीस पत्र लिहा.