वर्गात स्किनर, खिशात फोन

बी.एड.च्या विद्यार्थ्यांना मी वर्षानुवर्षं मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचा कबुतरांवरचा प्रयोग शिकवतोय. भुकेलं कबूतर, भिंतीवरची चकती, चोच मारली की दाणा. दाणा कधी चौथ्या टोचीला, कधी चाळिसाव्या, असा बेभरवशाचा झाला की कबूतर थांबायचं नाव घेत नाही. दाणे बंद केले तरी कितीतरी वेळ टोचत राहतं. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. हा तास संपवून स्टाफरूमकडे जाताना जिन्यातच माझा अंगठा रील्स सरकवू लागलेला असायचा.

‘एवढं माहीत असून?’ हा घरातला नेहमीचा टोमणा. पण कळण्याचा आणि अंगठ्याचा संबंध फार थोडा. सारासार विचार करून ‘नको’ म्हणणारा मेंदूचा भाग कपाळामागे असतो, सवयी रुजतात त्या खूप आत. रात्री दमल्यावर पहिला ढिला पडतो, दुसऱ्याला थकवा ठाऊक नाही.

या ओढीचं खापर ज्याच्यावर फुटतं त्या डोपामिनला सगळे ‘आनंदाचं रसायन’ म्हणतात, ते मला आता पटत नाही. मेंदूसंशोधक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींच्या नोंदी घेतल्या. अवचित फळाचा रस मिळाला की पेशी उसळायच्या. रसाआधी खूण दिसते हे माकड शिकलं की उसळी खुणेलाच, रसाला नाही. खूण दिसूनही रस आला नाही तर पेशी एरवीपेक्षाही गप्प. २००३ मध्ये त्यांच्याच गटाने दाखवलं की रस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते तेव्हा वाट पाहण्याच्या काळातली पेशींची धडपड सर्वांत जास्त असते. फोनवरचा लाल ठिपका ही तशीच खूण आहे. आत कुणाचं कौतुक असेल किंवा कुठल्याशा दुकानाची जाहिरात.

मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज याहून पुढे गेले. डोपामिन जवळजवळ संपवलेले उंदीर स्वतःहून खाईनासे झाले, पण साखरपाणी तोंडात घातलं की मिटक्या मारायचे. म्हणजे ओढ वेगळी आणि गोडी वेगळी. हे वाचलं आणि माझ्या रात्रींचा उलगडा झाला. गोडी कधीच संपलेली असायची. मी कंटाळून बघत होतो, तरी बघत होतो.

त्यात पान संपण्याची सोयही उरलेली नाही. न संपणारं स्क्रोल २००६ मध्ये डिझायनर अझा रास्किन यांनी रचलं. पुढे त्यांनीच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की निश्चय करत बसू नका, खूण हलवा. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा आणि उशाशी साधं गजराचं घड्याळ ठेवा. फोन आणि घरच्यांचे मेसेज सोडून सगळ्या सूचना बंद करा. सर्वांत छळणारं ॲप फोनवरून काढून फक्त संगणकावर बघा, पासवर्ड साठवू नका. ॲपमधल्या वेळमर्यादेवर मात्र भिस्त नको, ‘आज दुर्लक्ष करा’ हे बटण अंगठा डोळे मिटून शोधतो. सुरुवातीला हात चुळबुळतो, चिडचिड होते. शेंगा सोला, कपड्यांच्या घड्या घाला, पण हाताला काम द्या. ‘डोपामिनचा उपवास’ वगैरे खुळं सोडा. ते रसायन चालायला-हलायलाही लागतं, कंपवाताच्या रुग्णाला विचारा.

एकट्याने जमत नसेल तर मिळून करा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद राहतात. शेजारच्याचाही फोन बंद असल्यावर आपलं काही हुकतंय ही रुखरुख राहत नाही. मला ही युक्ती कुठल्याही ॲपपेक्षा शहाणी वाटते.

मुलांच्या बाबतीत ‘व्यसनी’ हा शिक्का मारण्याची घाई करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, समाजमाध्यमांचा वेगळा नाही. पण झोप उडाली, शाळा सुटू लागली, फोन काढून घेतल्यावर मारामारीपर्यंत मजल गेली, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, आणि बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत यासाठी खास क्लिनिक आहे. तिथे जाताना आई-वडिलांनी स्वतःच्या फोनच्या वापराचा हिशेबही बरोबर न्यावा, कारण तो प्रश्न विचारला जाणारच.