दाविदाचें धाबें आणि आपल्या हातांतील पडदा

शास्त्रपाठ : २ शमुवेल ११:१-५, १२:१-७.
सोबत वाचावें : उत्पत्ति २:२५; ३:२१; ९:२३; मत्तय ५:२८.
पाठांतरासाठीं : ईयोब ३१:१.

ख्रिस्ती मनुष्यानें चित्रपट पाहावा कीं नाहीं, हा प्रश्न खेड्यांतील मंडळ्यांत जुना आहे. पूर्वीं त्याचें उत्तर देणें सोपें वाटे. यात्रेंत तंबूचा सिनेमा येई; उपदेशक म्हणे, “तिकडे जाऊं नका;” आणि यात्रा उठली म्हणजे प्रश्नहि उठे. आतां पडदा तंबूंत राहिला नाहीं. नरडाण्यासारख्या आग्रा रस्त्यावरील व आगगाडीच्या गांवींच नव्हे, तर तापीकांठच्या लहानशा वस्तींतहि तो तरुणांच्या हातांत आला आहे. आणि रात्रीं गोधडीखालीं मुलगा काय पाहतो हें ना बापास कळतें, ना उपदेशकास. तेव्हां “जाऊं नका” एवढेंच उत्तर आतां पुरत नाहीं. उघडीं अंगें व प्रेमाच्या कथा यांत पाप नेमकें कोठें आहे, हें आपण शास्त्रावरून शोधूं या.

१. राजा धाब्यावर काय करीत होता?

युद्धाचा हंगाम होता. सैन्य रणांत गेलें होतें, परंतु दावीद यरुशलेमेंत राहिला. संध्याकाळीं पलंगावरून उठून तो वाड्याच्या धाब्यावर फिरूं लागला, तों त्याला एक स्त्री स्नान करितांना दिसली. आम्हां खानदेशकरांस हा प्रसंग फार समजावून सांगावा लागत नाहीं. आमच्याकडील जुनीं घरें धाब्याचीं. उन्हाळ्यांत लोक धाब्यावर निजतात, आणि शेजारच्या अंगणांतील मोरीला पुष्कळदां गोणपाटाचा आडोसा असतो, वर छप्पर नसतें. म्हणून भला माणूस धाब्यावर चढतांना खाकरतो, आणि नजर चुकून गेलीच तर तोंड फिरवितो.

दृष्टीस पडणें हें पाप नव्हे. परंतु दाविदानें दृष्टि तेथेंच ठेविली, मग चौकशी केली, मग माणसें पाठविलीं. पापाच्या या पायऱ्या नीट मोजून ठेवा. कारण मोबाईलवरहि त्याच आहेत. एखादें चित्र न बोलावतां समोर येतें, ही पहिली गोष्ट. बोट तेथें थांबतें, ही दुसरी. मग तसेंच आणखी शोधावयास लागतें, ही तिसरी. धाब्यावरून खालीं उतरण्याची संधि प्रत्येक पायरीवर होती. राजानें ती घेतली नाहीं.

आतां नाथान संदेष्ट्याकडे पाहा. त्यानें राजाला एका गरिबाच्या कोंकराचा दृष्टांत सांगितला. श्रीमंतानें तें हिरावून नेलें. त्या दृष्टांतांत कोंकराकडे तिळमात्र दोष नाहीं. “बथशेबा उघड्यावर कां न्हाली?” असें नाथानानें विचारलें नाहीं. त्याचें बोट सरळ राजाकडे गेलें. आपल्या गांवगप्पांत मात्र बहुधा उलट घडतें. पाहणारा प्रतिष्ठित राहतो, आणि जिला पाहिलें तिच्या नांवाला काळिमा लागतो. या पाठांतली पहिली गोष्ट हीच कीं, देवाचा संदेष्टा दोष कोठें ठेवितो तेथेंच आपण तो ठेवावा.

२. शिरपूरच्या कन्येची गोष्ट

नरडाण्याहून आग्रा रस्त्यानें उत्तरेस जाऊन तापी ओलांडली म्हणजे शिरपूर लागतें. तेथील पुढारी शिवाजीराव पाटील यांची कन्या स्मिता पाटील यांचें नांव सर्वांस ठाऊक आहे. त्यांचा जन्म इ. स. १९५५ चा. प्रथम त्या मुंबई दूरदर्शनावर मराठी बातम्या सांगत, व पुढें चित्रपटांत आल्या. इ. स. १९८१ मध्यें त्यांचा ‘चक्र’ हा हिंदी चित्रपट निघाला. मूळ कथा जयवंत दळवी यांच्या त्याच नांवाच्या मराठी कादंबरीची असून दिग्दर्शक रवीन्द्र धर्मराज होते. मुंबईच्या झोपडपट्टींतील एक स्त्री व तिचा मुलगा यांची ती कहाणी. त्या स्त्रीला घर म्हणावें असें घर नाहीं, मोरी नाहीं, चार भिंतींची आड नाहीं. म्हणून ती उघड्यावर स्नान करिते. कथेंत त्या दृश्याचा अर्थ एवढाच कीं, दारिद्र्य माणसाची अब्रूसुद्धां झांकूं देत नाहीं. या कामाबद्दल स्मिताबाईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

परंतु चित्रपट विकणाऱ्यांनीं काय केलें? त्यांनीं तें स्नानाचेंच चित्र मोठमोठ्या जाहिरातफलकांवर लाविलें. कथेंतील दुःख कापून टाकिलें आणि अंग तेवढें ठेविलें. स्मिताबाईंनीं पुढें मुलाखतींत याविषयीं उघड नापसंती सांगितली. गर्दी खेंचण्यासाठीं स्त्रीचेंच अंग पुढें करितात, पुरुषाचें तसें करीत नाहींत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. इ. स. १९८६ च्या डिसेंबरांत, वयाच्या एकतिसाव्या वर्षीं, त्या वारल्या.

वाचकहो, तेंच चित्र, तीच स्त्री. परंतु एका ठिकाणीं तें गाऱ्हाणें आहे, दुसऱ्या ठिकाणीं तो माल आहे. भेद अंगांत नाहीं. अंग देवानें निर्माण केलें, आणि एदेन बागेंत तें उघडें असतां लाज नव्हती. भेद विकणाऱ्याच्या हेतूंत आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आहे. प्रभु येशूनेंहि मत्तयाच्या पांचव्या अध्यायांत स्त्रीला दटाविलें नाहीं. पाहणाऱ्या पुरुषाच्या अंतःकरणाची झडती घेतली.

आणि येथेंच आपली खरी परीक्षा आहे. आपल्या गांवांतल्या कितीएक बहिणी अजून गोणपाटाआड, पहांटेच्या अंधारांत, घाईघाईनें अंग धुतात. पडद्यावरील निर्लज्जपणाविरुद्ध आपण मोठ्यानें बोलतों, पण शेजारच्या विधवेच्या मोरीला भिंत नाहीं याची लाज आपणांस वाटत नाहीं. आदाम व हव्वा लाजेनें लपलीं असतां देवानें त्यांस केवळ दोष देऊन सोडलें नाहीं. त्यांस वस्त्रें करून घातलीं. शेम व याफेथ यांनीं पाठमोरें चालून बापावर पांघरूण घातलें. शास्त्रांत उघड्या अंगाला भक्ताचें उत्तर नेहमीं हेंच आहे : डोळे वळवावे आणि पांघरूण घालावें. यांपैकीं पहिलें करून दुसरें न करणारा अर्धाच आज्ञाधारक होय.

३. नटीला दगड मारूं नये

दादासाहेब फाळके यांनीं इ. स. १९१३ मध्यें ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट दाखविला, तेव्हां तारामतीचें काम साळुंके नांवाच्या पुरुषानें केलें. कारण त्या कामासाठीं योग्य स्त्री मिळेना, इतका तो धंदा हलका मानीत. पुढें ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटांत दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमला यांनीं धैर्यानें कामें केलीं. पाहावयास सर्वांना हवें, पण काम करणारीस घरांत घ्यावयास कोणी तयार नाहीं, ही ढोंगी रीत परूश्यांची आहे. शिमोनाच्या घरीं आलेल्या स्त्रीस प्रभूनें कसें वागविलें तें लूकाच्या सातव्या अध्यायांत वाचा, आणि नटीविषयीं बोलतांना जिभेस लगाम घाला.

४. प्रेमाची कथा पाप आहे काय?

नाहीं. गीतरत्न हें पुस्तक शास्त्रांतच आहे. राहेलीसाठीं याकोबानें सात वर्षें चाकरी केली. रूथ व बवाज यांची कथा कापणीच्या शेतांत घडली. दोष प्रेम दाखविण्यांत नाहीं. प्रेम अर्धेंच दाखविण्यांत आहे. पुष्कळ मालिकांतील प्रेमाला कर्ज नसतें, दुखणें नसतें, कापसाचा भाव पडत नाहीं, म्हातारी सासू अंथरुणाला खिळत नाहीं. तें पाहून तरुणास वाटतें, प्रेम म्हणजे छातींतली धडधड. मग लग्नानंतर दुसऱ्या वर्षीं धडधड ओसरली कीं त्याला वाटतें, प्रेमच संपलें.

याच्या जोडीला आपल्याच लोकांतील एक खरी कथा ठेवा. नारायण वामन टिळक यांनीं इ. स. १८९५ मध्यें बाप्तिस्मा घेतला, तेव्हां लक्ष्मीबाई मागें राहिल्या. वियोग, नातलगांचा शोक, लोकांचीं बोलणीं, सर्व त्यांनीं सोसलें. पुढें दोघें एकत्र आलीं, आणि इ. स. १९०० मध्यें लक्ष्मीबाईंनीं स्वतःच्या समजुतीनें बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत त्यांनीं पतीचा रागीटपणा लपविला नाहीं, आपलें भांडणहि लपविलें नाहीं. तरी पानोपानीं प्रेम आहे. विजया मेहता यांनीं या कथेवर दूरदर्शनासाठीं चित्रपटहि केला. लोकांना ती कथा भावली. तिला उघड्या अंगाची गरज पडली नाहीं.

५. सरकारचा दाखला व घराचें काम

इ. स. १९१८ च्या कायद्यानंतर १९२० सालीं मुंबईंत सेन्सॉर बोर्ड बसलें, पुढें इ. स. १९५२ चा कायदा झाला. इ. स. २०२३ च्या दुरुस्तीनें, आईबापांच्या मार्गदर्शनाखालीं पाहावयाच्या चित्रपटांस ७, १३ व १६ वर्षें अशा वयाच्या पायऱ्या लाविल्या. परंतु मोबाईलवरील मालिका या बोर्डाकडे जात नाहींत, इ. स. २०२१ च्या नियमांप्रमाणें दाखविणारी मंडळीच त्यांस वयाची खूण लाविते. तेव्हां दाखल्यावर भरंवसा ठेवून आईबापांनीं निजूं नये.

उपदेशकांनीं या चार गोष्टी शिकवाव्या. रात्रीं घरांतील सर्व मोबाईल, बापाचा सुद्धां, एका ठिकाणीं ठेवावे. जें पाहावयाचें तें सर्वांनीं मिळून पाहावें, आणि नंतर त्यावर बोलावें. एखादा मुलगा चुकला तर त्याला चारचौघांत लाजवूं नये. एकांतीं, नाथानाप्रमाणें, दृष्टांतानें व प्रीतीनें सांगावें. आणि चौथी गोष्ट, या पाठानंतर एक महिन्याच्या आंत मंडळींतील किंवा शेजारांतील एका गरीब घराच्या मोरीला विटांची भिंत बांधून द्यावी. त्या घरचा मनुष्य ख्रिस्ती असो वा नसो.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न

१. दावीद कोणत्या पायरीवरून परत फिरूं शकला असता?
२. नाथानाच्या दृष्टांतांत कोंकरूं कोण? त्यावर दोष कां नाहीं?
३. गेल्या आठवड्यांत आपण जी कथा पाहिली, तिच्यांतील प्रेम दुखण्याच्या दिवशीं टिकेल काय?
४. आपल्या गांवांत कोणत्या मोरीला भिंत नाहीं?

डोळ्यांशीं करार करणें, जसा ईयोबानें केला, हें एका दिवसाचें काम नव्हे. पण ज्या हातांनीं भिंत बांधिली, त्या हातांना पडद्यावरील स्त्रीहि कोणाची तरी बहीण आहे हें लवकर आठवतें. देव आपणांस असे डोळे व असे हात देवो.