फोन बदलताना पेढीच्या नोंदी

पेढी एका जागेतून दुसऱ्या जागेत न्यावयाची झाल्यास गाद्या-तक्के हमालाच्या डोक्यावर देऊन वह्या आपण स्वतःच्या हातांनी नेतो. फोन बदलताना मात्र नेमके उलटे घडते. नव्या यंत्राच्या निवडीत आठ-पंधरा दिवस जातात, आणि आतील नोंदींची आठवण जुना फोन हातचा गेल्यावर होते.

आमचीही फजिती झाली, ती सांगण्यास आम्हांस संकोच नाही. सन २०२२ च्या दिवाळीपूर्वी आम्ही अँड्रॉइडचा फोन सोडून आयफोन घेतला. सर्व नावे नव्या फोनमध्ये दिसू लागली. जुना फोन दुकानातील मुलास द्यावयाचा होता, म्हणून त्यांतील नावे आम्ही निश्चिंतपणे पुसून टाकली. सायंकाळी 'निपाणी तंबाखू', 'ब्याडगी मिरची, धाकटे भाऊ' ही नावे शोधू लागलो, तो नवा फोनही रिकामा! उगराणीचे ऐन दिवस, आणि एकाही गिऱ्हाइकाचा क्रमांक हाती नाही.

याचे कारण असे. नावे वस्तुतः दोहोंपैकी कोणत्याच फोनमध्ये नव्हती. ती आमच्या गूगलच्या खात्यात होती. दोन्ही फोन व पेढीवरील संगणक त्या एकाच वहीकडे पाहत होते. यालाच सिंक म्हणतात. एकाने ओळ खोडली की ती सर्वांस खोडलेलीच दिसणार. सिंक म्हणजे नक्कल नव्हे, हा भेद आमच्या ध्यानी तेव्हा आला. सुदैवाने संगणकावर गूगलच्या 'कॉन्टॅक्ट्स' पानावरील सेटिंग्जमध्ये झालेले बदल मागे घेण्याची सोय असून ती तीस दिवसांपर्यंत चालते. तिचा आश्रय करून नावे परत आली. ही सोय वापरण्यापूर्वी मधल्या काळात नवी नावे लिहिली असल्यास ती कागदावर टिपून घ्यावीत.

यास्तव फोन बदलण्यापूर्वी सभासद बंधूंनी संगणकावर ते पान उघडून नावे मोजावीत. फोनमध्ये नऊशे नावे असून पानावर सहाशेच भरली, तर उरलेली तीनशे सिमवर किंवा फोनच्या पोटात आहेत असे समजावे. ती प्रथम खात्यात वळती करावीत. मग आयफोनवर तेच गूगल खाते जोडून त्यांतील 'कॉन्टॅक्ट्स' सुरू केले की नावे आपोआप येतात. येथे एक मेख आहे. यापुढे लिहावयाची नावे कोणत्या खात्यात पडतील हे आयफोनमधील 'डिफॉल्ट अकाउंट'वर अवलंबून असते. ते गूगल नसून आयक्लाऊड असेल, तर जुनी नावे एका वहीत आणि नवी दुसऱ्या वहीत अशी फाटाफूट होते, व संगणकापुढे बसणाऱ्या दिवाणजींस नवे गिऱ्हाईक दिसतच नाही.

व्हॉट्सॲपचे प्रकरण अधिक अवघड. मालाच्या मागण्या, भाव, पावत्यांची छायाचित्रे, सारे त्यांतच असते. अँड्रॉइडवरील त्याची नक्कल गूगलच्या साठ्यात पडते आणि आयफोनवरील आयक्लाऊडमध्ये. एकाची नक्कल दुसऱ्यास वाचता येत नाही. सन २०२२ पासून ॲपलच्या 'मूव्ह टू आयओएस' या साधनाने अँड्रॉइडवरील संभाषणे थेट आयफोनवर नेता येतात. मात्र क्रमांक तोच हवा, आणि आयफोन कोरा, म्हणजे प्रथमच सुरू होत असलेला किंवा पुसून कोरा केलेला हवा. 'आधी चार दिवस वापरून पाहू' म्हणणाऱ्यास पुन्हा फोन कोरा करण्यावाचून गत्यंतर नाही. केलेल्या कॉलची यादी येत नाही. यूपीआयची नोंदणीही नव्या फोनवर सिमद्वारे संदेश पाठवून पुन्हा करावी लागते. सबब हे काम हुंडी-उधारीच्या गर्दीच्या दिवशी काढू नये.

खरी नक्कल हवी असल्यास त्याच गूगल पानावरून सर्व नावे 'व्हीकार्ड' स्वरूपात उतरवून घ्यावीत. हे स्वरूप १९९० च्या दशकापासून चालत आलेले असून दोन्ही जातींचे फोन ते वाचतात. काहीजण सीएसव्ही फाईल घेतात व एक्सेलमध्ये उघडून तशीच साठवतात. तसे केल्यास क्रमांकाच्या आरंभीचे शून्य गळते, लांब क्रमांकाचे भलतेच रूप होते आणि देवनागरी नावांच्या जागी कित्येकदा निरर्थक चिन्हे उमटतात. व्हीकार्डची फाईल पेनड्राइव्हवर घेऊन तिजोरीत ठेवावी. तिचा सिंकशी संबंध नसल्याने दुसरीकडची खाडाखोड तिला लागत नाही. आम्ही दर पाडव्यास नवी फाईल घेतो.

राहिला जुना फोन. तो महिनाभर तरी कोणास देऊ नये. काय राहून गेले ते वापरताना कळते. द्यावयाच्या वेळी नावे एकेक करून पुसण्याच्या भरीस पडू नये. प्रथम सेटिंग्जमधून गूगल खाते त्या फोनवरून काढावे आणि मगच फोन कोरा करावा. खाते न काढता बटणे दाबून कोरा केल्यास पुढील मनुष्यास तो आपलाच पासवर्ड मागत बसतो, व तो मनुष्य पासवर्ड विचारावयास पेढीवर येतो.