युवा केंद्र संस्थेला देताना

प्रश्न : आमच्या प्रभागातलं महापालिकेचं युवा केंद्र एका शिक्षण संस्थेला दहा वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्याचं चाललंय. संध्याकाळी मुलं तिथे कॅरम खेळतात, अभ्यासिकेत बसतात. त्यांनी कुठे जायचं?

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे. पण संस्था आली म्हणजे केंद्र हातचं गेलंच, असं नाही. चांगली संस्था बंद खोल्यांत जीव आणते. मुंबई वगळता राज्यातल्या महापालिकांना 1949 च्या महानगरपालिका अधिनियमाचं कलम 79 लागू आहे. त्यानुसार आयुक्त स्वतःच्या अधिकारात एका वेळी बारा महिन्यांपर्यंतच भाडेपट्टा देऊ शकतात. दहा वर्षांसाठी ठराव लागतो. त्यासाठीचा प्रस्ताव माहिती अधिकारात मागा आणि जाहिरात निघाली होती का, तेही विचारा. सार्वजनिक मालमत्ता जाहिरातीविना मर्जीतल्या संस्थेला देणं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये मनमानी ठरवलं आहे.

खरी मेख करारात असते. ‘शैक्षणिक व सामाजिक उपयोगासाठी’ एवढ्या मोघम वाक्यावर मुळीच समाधान मानू नका. संध्याकाळी पाच ते नऊ सभागृह आणि अभ्यासिका प्रभागातल्या मुलांना विनाशुल्क खुली राहतील, हे वेळेसकट लिहून घ्यायला लावा. शुल्काची कमाल मर्यादा, पोटभाडेकरू ठेवायला मनाई, अट मोडल्यास ताबा परत, हेही हवंच. वीजबिल आणि गळक्या छताची दुरुस्ती कुणाकडे, यावरून पुढे हमखास वाद होतात. माझ्या मते पहिला करार तीन वर्षांचाच असावा.

ठराव होण्याआधी लेखी हरकत द्या आणि पोचप्रतीवर आवक शिक्का घ्या.