क्रिप्टोची फसवणूक : शिक्षा, कायदा आणि वर्गातले टक्केवारीचे गणित



विरार-नालासोपाऱ्याहून लोकल पकडणारा माणूस दिवसाचे दोन-तीन तास प्रवासात घालवतो. या वेळात हातात मोबाईल असतो. इन्स्टाग्रामवर एखादी जाहिरात येते, अनोळखी व्यक्ती टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये जोडून घेते आणि तिथे रोज 'आज एवढा नफा झाला' असे स्क्रीनशॉट पडतात. घराचा हप्ता, मुलांची फी, गावाकडचा खर्च डोक्यात असलेल्या माणसाला हा मोह पडतो. त्याला नुसते लोभी म्हणून आपण मोकळे होऊ नये.

फसवणूक कशी होते?

1. सुरुवातीला थोडे पैसे भरायला लावतात आणि त्यावर थोडा नफा खरोखर परत देतात. विश्वास इथेच बसतो.
2. मग एक ॲप किंवा वेबसाइट देतात. त्यावर आपली रक्कम वाढताना दिसते, पण ते नुसते आकडे असतात.
3. पैसे काढायला गेलो की 'आधी टॅक्स भरा' किंवा 'खाते उघडायचे शुल्क भरा' असे सांगतात. तेही भरले की फोन बंद.

महाराष्ट्रातले उदाहरण : गेनबिटकॉइन

2015 च्या सुमारास ही योजना सुरू झाली. बिटकॉइन गुंतवा, 18 महिने दरमहा 10 टक्के मिळवा, असे आमिष होते. नवे सभासद आणणाऱ्याला कमिशन होते. पुढे बिटकॉइनऐवजी कंपनीचेच, फारशी किंमत नसलेले नाणे लोकांच्या हाती ठेवले गेले. मुख्य आरोपी अमित भारद्वाज याला पुणे पोलिसांनी 2018 मध्ये अटक केली. 2019 मध्ये त्याला जामीन मिळाला आणि जानेवारी 2022 मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी, तपासात मदतीला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच क्रिप्टो वळवल्याच्या आरोपावरून अटक झाली. नंतर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने प्रकरण सीबीआयकडे गेले आणि फेब्रुवारी 2025 मध्ये देशभर 60 हून अधिक ठिकाणी झडत्या झाल्या. म्हणजे पहिल्या अटकेनंतर सात वर्षांनीही तपास चालूच होता.

कायद्यात शिक्षा काय?

• भारतीय न्याय संहिता, कलम 318(4) : फसवणुकीला 7 वर्षांपर्यंत कैद आणि दंड. 1 जुलै 2024 पूर्वीच्या गुन्ह्यांना जुने कलम 420 लागते.
• माहिती तंत्रज्ञान कायदा, कलम 66 ड : दुसऱ्याचे सोंग घेऊन ऑनलाइन फसवल्यास 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड.
• एमपीआयडी कायदा, 1999 : हा आपल्या राज्याचा कायदा. ठेवी बुडवणाऱ्याला 6 वर्षांपर्यंत कैद. शिवाय मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना पैसे परत देण्याची तरतूद.
• संघटित गुन्हेगारी, कलम 111 : सिद्ध झाल्यास किमान 5 वर्षे ते जन्मठेप.

कायदा कडक आहे, पण तो उशिरा पोहोचतो. तोवर पैसे चार वॉलेट फिरून देशाबाहेर गेलेले असतात. म्हणून खरी राखण पैसे भरण्याआधीच करावी लागते.

वर्गात काय घ्यावे?

सातवीला सरळव्याज शिकवताना हे उदाहरण फळ्यावर घ्या. बँकेत वर्षाला 7 टक्के मिळतात असे धरा. 10,000 रुपयांवर वर्षाचे व्याज 700. आता 'महिन्याला 10 टक्के' लावा. सरळव्याजानेच वर्षाचे 12,000 होतात, मुद्दलापेक्षा जास्त! व्याज पुन्हा गुंतवत गेलो तर पाच वर्षांत 10,000 चे 30 लाखांहून जास्त होतील. मग मुलांना एकच प्रश्न विचारा : "एवढा नफा होत असेल, तर तो माणूस आपल्याला कशाला बोलावतोय?" उत्तर मुलेच देतील. आणि हीच वही घरी आई-बाबांना दाखवायला सांगा.

मोठ्या मुलांच्या पालकांसाठी

'तुझे बँक खाते वापरायला दे, कमिशन देतो' असे कॉलेजच्या मुलांना सांगणारे लोक फिरतात. फसवणुकीचा पैसा याच खात्यांतून पुढे जातो. सूत्रधार दूर राहतो आणि पोलीस आधी या मुलाच्या दारात येतात, कारण कागदावर नाव त्याचे असते. खाते, सिमकार्ड, ओटीपी कोणालाही द्यायचे नाही, हे घरी स्पष्ट सांगा.

पैसे गेलेच तर?

लाजून गप्प बसू नका. ताबडतोब 1930 वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. चॅट, व्यवहार क्रमांक, वॉलेटचा पत्ता काहीही डिलीट करू नका. मग जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाच्या सायबर विभागात जा. 'पैसे सोडवून देतो' म्हणणारा नवा माणूस भेटला तर तोही बहुधा ठगच समजा.

येत्या पालकसभेत दहा मिनिटे या विषयाला द्या. ज्या घरात मूल किंवा आजोबा न घाबरता "माझे पैसे गेले" असे सांगू शकतात, तिथून तक्रार वेळेत पोहोचते.